सुलटी अक्षरं

८ फेब्रुवारी

भावजी,

'सप्रेम नमस्कार' लिहिलं आणि 'सप्रेम'वर काट मारली. नुसता नमस्कार घ्या. तोही तुम्ही माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ आहात म्हणून. फोन पाच वेळा केला, तुम्ही उचलला नाहीत. कागद तरी उघडाल अशी आशा आहे.

लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर तिच्याकडे गेले होते. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. काल परत आले, छापखान्याचं शटर वर केलं आणि क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या दुकानात शिरलो. मागच्या भिंतीचं मोठं कपाट सताड उघडं. लाकडी अक्षरांचे अठराच्या अठरा खण गायब. आणि ट्रेडलच्या छपाईयंत्रावर, शाईच्या डब्याखाली दाबलेली तुमची चिठ्ठी: 'वहिनी, प्रदर्शनासाठी नेतोय. दोन महिन्यांत परत. काळजी नसावी.'

काळजी नसावी म्हणे! घर धुऊन नेणारा दारावर लिहून जातो, सुखी राहा.

शेजारच्या बाइंडरकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अगं, तो म्हणाला वहिनीशी बोलणं झालंय. घरचा माणूस, मी त्याला अडवणारा कोण?" खण गाडीत चढवायला तेच हात लावत होते. कालपासून ते माझ्यासमोर यायचं टाळतायत. त्यांना मी काही बोलले नाही. साठ वर्षांच्या माणसाला खोटं ओळखता येत नसेल, तर तो त्याचा चांगुलपणा. खोटं बोलणाऱ्याचं काय?

ती अक्षरं तुमच्या बाबांनी कोरली. मी सून म्हणून आले तेव्हा निम्मी झाली होती. उरलेली निम्मी माझ्यासमोर झाली आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराला काचकागद मी मारला आहे. तेव्हा तुम्ही कुठे होतात ते तुम्हीच आठवा.

आता कामाचं. माझ्याकडे एक घड्याळजी आलेत. त्यांची बायको नर्स होती, तिच्या पाळ्या बदलत्या, यांचं दुकान सकाळी नऊ ते संध्याकाळी आठ. एका घरात राहून दोघांची गाठ पडायची ती दारात. म्हणून ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठ्या ठेवायची. ती गेल्या वर्षी गेली. घड्याळजींनी सगळ्या चिठ्ठ्या जपून ठेवल्यात. आता त्यांची नजर चाललीय. डॉक्टर म्हणतात दोन महिने, फार तर तीन. त्यांना त्या चिठ्ठ्यांचं पुस्तक हवंय, एकच प्रत, त्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत. शिशाच्या खिळ्यांची बारीक अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात. त्यांना दिसेल असं अक्षर या गावात एकाच ठिकाणी होतं.

त्या माणसाचे डोळे तुमच्या प्रदर्शनासाठी थांबणार नाहीत. या पंधरवड्यात अक्षरं परत पाठवा.

वहिनी


२ मार्च

भावजी,

पंधरवडा उलटून वर आठवडा गेला. तुमचा एक निरोप मोबाइलवर आला: 'वहिनी, रागावू नका. ती अक्षरं अंधारात मरून पडली होती. मी त्यांना घरं मिळवून देतोय.'

घरं म्हणजे काय ते मला परवा कळलं. लेक बाळाला घेऊन दोन दिवस आली होती, तिने तिच्या मोबाइलवर तुमच्या शहरातल्या दुकानाचे फोटो दाखवले. दुकान छान आहे. पांढऱ्या भिंती, पिवळे दिवे. आणि भिंतीवर काचेच्या चौकटीत एकेक अक्षर टांगलेलं. बाबांचा 'म'. बाबांचा 'स'. खाली लिहिलंय, आपल्या माणसाच्या नावाचं आद्याक्षर भेट द्या. 'अ' संपलाय म्हणे. 'र' पण संपलाय.

हे वाचून मी मोबाइल लेकीच्या हातात परत दिला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. तान्ह्या नातीसमोर शिवी द्यायची नव्हती.

तुम्ही छापखान्याच्या घरात जन्मलात, म्हणून तुम्हाला समजावणं लाजिरवाणं आहे. तरी समजावते. अक्षरांचा संच म्हणजे कपबश्यांचा सेट नाही, की एक फुटला तरी पाच जणांचा चहा होतो. 'र' गेला की 'घर' गेलं, 'दार' गेलं, 'बरं' गेलं. एका अक्षरापायी अठरा खणांचं सरपण होतं. तुम्ही अक्षरांना घरं दिली नाहीत. एका कुटुंबातली माणसं पकडून एकेकाला वेगळ्या गावी विकलंत.

आणि तो फोटो. तुम्ही खिडकीपाशी उभे, अंगात बाबांचा जुना एप्रन. तो एप्रन मी शेवटचा धुऊन कपाटात ठेवला होता, तोही नेलात तर. खाली मजकूर: 'वडिलांची कला जपणारा शेवटचा मुद्रक.' भावजी, तुम्हाला खिळ्यांची एक ओळ तरी जुळवता येते का हो? लहानपणी बाबांनी तुम्हाला जुळवायला बसवलं, तर तुम्ही बोटांना शाई लागते म्हणून रडला होतात. हे मला त्यांनीच सांगितलंय. हसत सांगितलंय, कौतुकाने. तुमचं सगळं त्यांना कौतुकाचंच होतं.

त्याच पानावर दुसरा फोटो आहे. खिळे उचलणारे दोन हात, मनगटापासून पुढचे. ते हात माझे आहेत. डाव्या अंगठ्यावरचा व्रण माझा आहे. त्याखाली तुम्ही लिहिलंय, 'छापखान्यातील मदतनीस'.

बावीस वर्षं मी तिथे उभी आहे. तुमचे भाऊ आणि बाबा गेल्यावर एकटी. बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, "ही आमची जुळारी. माझ्यापेक्षा हिचा हात स्वच्छ." आणि तुम्ही मला मनगटाला कापून मदतनीस केलंत.

घड्याळजी काल आले होते. दारात उंबरठा चाचपडले. मी त्यांना सांगितलं, काम चालू आहे. खोटं सांगितलं. तुमच्यामुळे.

जी उरली असतील ती अक्षरं ताबडतोब पाठवा. 'बघतो', 'करतो' नको.

वहिनी


१९ मार्च

भावजी,

खोका मिळाला. एकशे बारा अक्षरं. नेलीत त्याच्या निम्मीही नाहीत, पण मी म्हटलं, ठीक आहे, एवढ्यातही काहीतरी निभावेल. बाइंडरकाकांना हाक मारली, दोघांनी मिळून खोका उघडला.

चकाकत होती. सगळी. तुम्ही त्यांना वॉर्निश मारलंय.

काकांनी एक उचललं, मागे फिरवलं आणि माझ्या हातात दिलं. पाठीत भोक. भोकात स्क्रू. स्क्रूला टांगायची कडी. एकशे बाराही अक्षरांच्या पाठीत तुम्ही गिरमिट घातलंय.

वॉर्निशवर शाई धरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळते. वॉर्निश खरवडलं तर लाकूड जातं. लाकूड गेलं की उंची जाते. आणि शेजारच्या अक्षरापेक्षा एक केसभर बुटकं असलेलं अक्षर कागदाला टेकतच नाही, ते छापखान्यात असूनही नसल्यासारखं. बाबा प्रत्येक अक्षर काचेवर ठेवून, वाकून, डोळा त्याच्या पातळीला आणून बघायचे. तुम्हाला ते म्हातारपणचं खूळ वाटायचं. असो. गाढवाला गुळाची चव काय, हे पण मी कुणाला सांगतेय!

मी खोका उचलला आणि शटरबाहेर फेकणार होते. काकांनी हात धरला. "फेकू नकोस. उद्या परत वेचायला तूच बसशील." खरं होतं ते. मी खोका कोपऱ्यात ठेवला आणि त्याला एक लाथ मारली. अंगठा सुजलाय.

नेमके त्याच वेळी घड्याळजी आले. सोबत बहिणीची सून होती, तिच्या खांद्यावर हात. मागच्या खेपेला एकटे आले होते. मी ठरवलं, आता खोटं पुरे. सगळं सांगितलं. दीर, गाडी, खण, काचेच्या चौकटी, वॉर्निश.

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे पुस्तक होणार नाही."

"होईल," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"कसं?"

"मी कोरीन."

"तुम्हाला येतं?"

"नाही."

ते हसले. म्हणाले, "आमची ही अशीच होती. येत नसलं की जास्त जोरात हो म्हणायची."

मग त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांची पुरचुंडी काढली आणि एकेक मला वाचायला लावली, कारण त्यांना आता त्या वाचता येत नव्हत्या. 'दूध तापवलंय. झाकण लाव.' 'छत्री ने. मला माहितीय तू नेणार नाहीस.' 'घरातलं घड्याळ पाच मिनिटं मागे. आणि म्हणे घड्याळजी.' एकीवर नुसतंच: 'भांडण अजून संपलेलं नाही. जेवून घे.'

अकरा चिठ्ठ्या निवडल्या. त्यांना लागणाऱ्या अक्षरांची आणि काना-मात्रांची यादी केली. साठेक ठोकळे. पलीकडच्या गल्लीतल्या सुताराकडून जुन्या, मुरलेल्या लाकडाचे ठोकळे एका उंचीचे कापून आणले.

तुम्हाला हे का लिहितेय? तुम्ही उत्तर देत नाही. पण या रागाचं करायचं काय, ते मला कळत नाही. आणि तो ज्याचा आहे त्याच्याच पत्त्यावर गेलेला बरा.

वहिनी


११ एप्रिल

भावजी,

हात दाखवून अवलक्षण कसं करावं, ते माझ्याकडून शिका.

बाबांच्या अक्षरांचे जुने छाप माझ्याकडे होते. ते पातळ कागदावर गिरवून मी सुताराला दिले आणि म्हटलं, एवढे ठोकळ्यांवर चिकटवून ठेव, मी सकाळी कोरायला बसते. त्याने नीट, सरळ चिकटवले. मी बसले. पटाशी, मान खाली, रेघ सोडायची नाही. दोन दिवसांत सात अक्षरं झाली. हाताला फोड आले, पण कडा अशा सुबक, की मीच चकित झाले. मनात तुमच्याशी भांडण चालू होतं. प्रत्येक तासलेल्या चिपटीबरोबर तुम्हाला एक उत्तर देत होते, आणि काय सांगू, फार फर्डी उत्तरं सुचत होती.

सातवं अक्षर पुसून टेबलावर ठेवलं आणि तेव्हा कुठे दिसलं.

सातही सरळ होती. छापायचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं, म्हणजे कागदावर सुलटं उतरतं. गिरवलेला कागद पालथा चिकटवायचा असतो. सुताराला ते कुठून माहीत असणार? पण मी? बावीस वर्षं उलटंच वाचत आलेली बाई! माझ्या डोळ्यांनी तक्रारसुद्धा केली नाही, कारण माझे डोळे लाकडावर नव्हतेच. ते तुमच्यावर होते.

मी पटाशी भिंतीवर मारली. पलस्तराचा टवका उडाला. सुतार धावत आला, "काय झालं, ताई?" त्याला सांगितलं, तर त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला. मी म्हटलं, तुझा काही दोष नाही. खूप दिवसांनी हे वाक्य कुणालातरी म्हणाले.

तरी म्हटलं, उंची तरी तपासू. त्यासाठी शाई कशाला वाया घालवा? सातही ठोकळे हातप्रेसवर मांडले, पुस्तकासाठी आणलेला जाड सुती कागद ओला करून वर ठेवला, त्यावर कांबळ्याची घडी, आणि सगळा राग दांड्यावर काढला. दोन्ही पाय रोवून ओढला. कागद उचलला. लाकूड कागदात खोल रुतलं होतं.

घड्याळजी बाकावर बसले होते. हल्ली ते रोजच येतात, घरी बसून काय करू म्हणतात. मी म्हटलं, "कागद बिघडला. टाकून देते."

"द्या इकडे," ते म्हणाले. "कागद तरी बघू."

बघू म्हणजे चाचपू. चाळीस वर्षं डोळ्यांना भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेली ती बोटं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटला आणि मागच्या बाजूवर बोट फिरवलं. थांबले. परत फिरवलं.

"हा 'द' आहे," ते म्हणाले.

मी वाकून ठोकळा बघितला.

"हा 'ध'. हा 'छ'. याचं काही कळत नाही... थांबा. 'झ'. 'झ' आहे ना?"

"आहे."

कागदाच्या पाठीवर अक्षरं उठली होती, दाण्यासारखी टच्च, आणि सुलटी. बाबांची अक्षरं अशी दाबली असती, तर मागे उलटी उठली असती, कुणाच्याच कामाची नाहीत. माझी चुकलेली अक्षरं मागे बरोबर उठत होती.

घड्याळजींनी विचारलं, "सगळं पुस्तक असं होईल?"

"शाईशिवाय?"

"मला शाई काय करायची आहे आता?"

भावजी, तेव्हा मला कळलं, की तुमचा खोका, ते एकशे बारा ठोकळे, काचेमागचे 'म' आणि 'स', यातलं काहीही मला लागणार नाही. सगळी अक्षरं मुद्दाम सरळ कोरायची होती. ती जगात कुणाकडेच नाहीत.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या पाठोपाठ लगेच आलं, की आता मी तुम्हाला कशासाठी ओरडू? आणि त्याचाही राग आला.

वहिनी


६ मे

भावजी,

तुमचं पत्र मिळालं. कागदावर, शाईने. मला वाटलं, माफीचं असेल. पहिल्या सहा ओळी तसं वाटतही होतं. 'माझं चुकलं असेल, वहिनी', 'मला कल्पना नव्हती'. सातव्या ओळीपासून खरा माणूस बोलायला लागला. 'तुम्ही माझ्याकडे अक्षरं मागता, पण बाबा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा मला साधं कळवलंही नाहीत. त्यांचं तोंड बघायचा माझा हक्क तुम्ही हिरावून घेतलात. मग त्यांच्या हातची चार अक्षरं मी नेली, तर बिघडलं कुठे?'

हे पत्र मी चार दिवस खणात ठेवलं. आज उत्तर लिहितेय. खरं लिहिते. एकदाच लिहीन.

सहा वर्षांपूर्वी बाबा पडले ते तीन दिवस अंथरुणावर होते. शुद्धीत होते. बोलत होते. पहिल्या दिवशी दुपारी त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "धाकट्याला बोलव." मी हो म्हटलं. बाहेरच्या खोलीत गेले. मोबाइल हातात घेतला. आणि तुमचा नंबर लावला नाही.

त्याआधी दोन वर्षं तुमचे भाऊ गेले होते. तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळी गेलात. गाडीत बसताना म्हणालात, "वहिनी, उद्या उद्घाटन आहे, टाळता येत नाही." बाबा फाटकात उभे होते. गाडी वळली तरी उभे होते. त्या दिवशी मी मनात गाठ मारली, की या माणसाला या घरातून पुन्हा कधी बोलावणं जाणार नाही. यायचं असेल तर येईल आपल्या पायाने.

मी आत गेले आणि बाबांना सांगितलं, "फोन लागत नाही."

संध्याकाळी त्यांनी विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी, तेच. माझा मोबाइल तेव्हा एप्रनच्या खिशात होता.

तुम्हाला कळवलं ते ते गेल्यावर.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुमचा हक्क मी हिरावला, खरं आहे. म्हणून तुमची चोरी पुण्य होत नाही, पण माझं पापही धुतलं जात नाही. याबद्दल तुम्हाला राग धरायचा असेल तर धरा. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही.

पुस्तक होत आलंय. काका बांधणी करतायत. पानं दाबून बांधली तर उठलेली अक्षरं बसतील, म्हणून ते प्रत्येक दोन पानांच्या मध्ये, शिवणीपाशी, जाड कागदाची पट्टी घालतायत, म्हणजे पानांना श्वास राहील. रविवारी दुपारी घड्याळजी न्यायला येणार आहेत.

वहिनी


२६ मे

भावजी,

त्या रविवारी तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. सुटकेस घेऊन दारात उभे राहिलात तेव्हा आधी ओळखलंच नाही, केस पिकलेत तुमचे. सुटकेसमध्ये उरलेली अक्षरं होती, विकली न गेलेली. ती मी मोजली नाहीत. तुम्हाला बसा म्हटलं ते घड्याळजींसमोर तमाशा नको म्हणून.

पुढचं सगळं तुमच्यासमोरच घडलं. तरी लिहिते, कारण तुम्ही सगळा वेळ खाली बघत होतात.

घड्याळजींना आता काहीच दिसत नाही, खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. काकांनी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी आधी पुठ्ठ्याच्या कडा चाचपल्या, मग शिवण, कारागीर कारागिराचं काम बघतो तसं. मग पान उघडलं. बोट हळूहळू सरकत गेलं. "भां... ड... ण. भांडण. अजून. संपलेलं. नाही." थांबले. पुढची ओळ. "जेवून घे."

ते हसले. बोट परत ओळीच्या सुरुवातीला नेलं, परत सगळं वाचलं आणि परत हसले. सुताराने तोंड फिरवलं. बहिणीची सून रडत होती. मी नाही रडले. मला इतकं बरं वाटत होतं, की रडायला सवड नव्हती.

आणि तेव्हा तुम्ही बोललात. "वहिनी, हे पुस्तक माझ्या प्रदर्शनात ठेवायला हवं. दृष्टिहीनांसाठी हस्तमुद्रित..."

घड्याळजींनी पुस्तक मिटून छातीशी धरलं. म्हणाले, "ही माझ्या घरातली भांडणं आहेत हो. लोकांना कशाला?"

मी म्हटलं, "भावजी, पुरे." एवढंच म्हटलं. पण तुमचा तोल सुटला. सगळ्यांसमोर म्हणालात, "तुम्ही मला पुरे म्हणणाऱ्या कोण? मला माझ्या बापाच्या मरणाला येऊ दिलं नाहीत! कुणी एक फोन केला असता, तर मी धावत आलो असतो!"

मी मान खाली घातली. बोलणार नाही असं लिहून दिलं होतं. ऐकून घेणार होते.

पण काकांच्या हातातला दाभण टेबलावर पडला. ते म्हणाले, "मी केला होता की."

कुणाला काही समजेना. काका तुमच्याकडेच बघत होते. "पहिल्याच दिवशी. दुपारी. माझ्या दुकानातून केला होता मी तुला फोन. म्हटलं, वडील पडलेत, लक्षण ठीक नाही, ये. तू म्हणालास, काका, आठवडाभर जमणार नाही, वहिनी आहे ना तिथे. आणि म्हणालास, तुम्ही फोन केल्याचं तिला बोलू नका, वाईट वाटेल. मला वाटलं, तुमच्या घरचं तुम्ही बघाल."

तुम्ही "काका, ते तसं नव्हतं" असं काहीतरी म्हणालात. घड्याळजींना दिसत नव्हतं, तरी त्यांनीही तोंड तुमच्याकडे वळवलं होतं. तुम्ही सुटकेस तिथेच सोडून निघालात. दिलेलं पाणी तसंच राहिलं.

सहा वर्षं, भावजी. सहा वर्षं मी बाबांच्या फोटोकडे नीट बघू शकले नाही. स्वतःला काय काय म्हणून घेतलं असेल, त्याची तुम्हाला कल्पना नाही. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. माहीत असून तुम्ही मला ते पत्र लिहिलंत. माझ्याकडून कबुली काढून घेतलीत आणि परत चारचौघांत तीच माझ्या तोंडावर फेकलीत. अक्षरं नेलीत त्याचा राग आता मला आठवतही नाही, हा राग एवढा मोठा आहे.

तुम्ही गेल्यावर सगळ्यांना वाटेला लावलं आणि ट्रेडलपाशी बसून राहिले. तुम्हाला काय काय लिहायचं ते मनात जुळवत होते. फार वाईट वाईट जुळवलं. मग एक गोष्ट आठवली आणि हात थांबला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना पेज भरवत होते. तुमच्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीच, मनाला लागलं होतं म्हणून, म्हटलं, "बाबा, अजून फोन लागत नाहीये." ते म्हणाले, "जाऊ दे गं. रेंज नसेल त्याच्याकडे. तो तरी काय करणार?" आणि निवांत डोळे मिटले. दुपारी गेले.

हे वाक्य मी सहा वर्षं पोटात सुरीसारखं बाळगलं. आता दुसऱ्या बाजूने बघते. मी खरेपणाने फोन लावला असता, तर तुम्ही मलाही तेच सांगितलं असतं, आठवडाभर जमणार नाही. आणि मला आत जाऊन ते त्यांना सांगावं लागलं असतं. त्यांच्या तोंडाकडे बघत.

ते मला करावं लागलं नाही. त्यांना ऐकावं लागलं नाही. मी केलं ते रागाने केलं, तुम्हाला शिक्षा म्हणून केलं, त्यात काही चांगुलपणा नव्हता. तो मी आता उसना घेत नाही. पण झालं ते असं झालं.

ते रेंजला दोष देत गेले, भावजी. तुम्हाला नाही.

वहिनी